पूर्वज सापडतात ते भांडणात

आमच्या घरात सांगितलं जायचं की आमचे कुणीतरी पूर्वज पेशव्यांच्या फौजेत होते, घोडा होता, तलवार होती, आणि ती तलवार नंतर "कुणीतरी नेली". ही तलवार महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांतून कुणीतरी नेलेली आहे. मी खरोखर कागद शोधायला लागले तेव्हा तलवार-बिलवार काही निघाली नाही, निघालं काय तर बांधावरून झालेलं भांडण, शेतसाऱ्याची थकबाकी, एक गहाणखत आणि परत एक भांडण. हा नाद लागून आता बराच काळ झालाय आणि माझं मत पक्कं होत चाललंय, की सरकारला माणूस दिसतो तो पैसे देणं लागत असला की, कुणाशी तरी वाद घालत असला की, नाहीतर मेला की. जो गुण्यागोविंदानं जगला, वेळेवर सारा भरला, भावांबरोबर एकत्र राहिला, त्याच्यावर दप्तरात ओळभर मजकूर मिळायची मारामार. तेव्हा तुमच्या घराण्यात कोर्टकज्जे झाले असतील तर लाजू नका, नशीबवान आहात.

गावाचं आणि माणसांची नावं इथे लिहिणार नाहीये, आधीच सांगते. यातल्या एका जमिनीची केस अजून चालू आहे आणि काका माझं लिखाण वाचतात.

मला शोधायची होती पणजी. पणजोबांचं, खापरपणजोबांचं नाव सगळ्यांना पाठ, श्राद्धाला घेतात ना, पण पणजीचं नाव विचारलं की सगळे एकमेकांकडे बघायचे. तिला सगळं घर "बय" म्हणायचं. मुलं बय म्हणायची, सुना बय म्हणायच्या, गडीमाणसं बय म्हणायची, ती गेली तेव्हा बय गेली. एका आत्येला एवढंच आठवत होतं की बय अमक्या गावची, नदीपलीकडची, आणि तिला भाऊ नव्हता. हे "भाऊ नव्हता" मी तेव्हा वहीत नुसतं लिहून ठेवलं, त्याचा उपयोग पुढे कळला.

सगळेजण सांगतात की घरापासून सुरुवात करा, ट्रंका उघडा, म्हाताऱ्या माणसांशी बोला वगैरे, ते बरोबरच आहे, फक्त एक करा की म्हाताऱ्या पुरुषांपेक्षा म्हाताऱ्या बायकांशी जास्त बोला. पुरुष वंशावळ सांगतात, बायका कोण कुणाकडे दिलेली, कोण कशानं गेलं, कुणाचं कुणाशी बोलणं बंद होतं हे सांगतात, आणि शोधायला तेच लागतं. आणि रेकॉर्ड करायचं तर फोन समोर ठेवून सरळ सांगून करा, लपवून केलेलं कळतं आणि मग पुढचं काही सांगत नाहीत.

त्यानंतर तहसीलची रेकॉर्ड रूम. तिथे गेल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते की इतिहासासाठी आलेले आपण एकटेच असतो, बाकी सगळे जात पडताळणीवाले. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखा तिथल्या माणसांना स्वतःच्या वाढदिवसासारख्या पाठ असतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली तेव्हापासून तर या खोल्यांना अचानक महत्त्व आलं, वर्षानुवर्षं न उघडलेली कपाटं उघडली, पानं स्कॅन झाली, मोडी वाचणाऱ्या माणसाला एकदम मागणी आली. राजकारण तुमचं तुम्ही बघा, पण घराण्याचा शोध घेणाऱ्याचं त्यात भलं झालं हे खरं आहे. आणि रांगेत शेजारी उभा असलेला पोरगा जो पणजोबांचा दाखला शोधतोय त्याला नमुन्यांचे नंबर आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात, त्याच्याकडूनच शिकायचं, मी तशीच शिकले.

गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूचं रजिस्टर, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा येईपर्यंत खेड्यातली जन्ममरणं यातच. मी हट्टानं १९१८ सालचं काढायला लावलं कारण पणजोबांचा थोरला भाऊ "साथीत गेला" एवढंच माहीत होतं. ऑक्टोबरचं पान उघडलं. एरवी या गावात महिन्याला दोन-चार मृत्यू, सहा महिने एकाच पानावर मावतात, आणि इथे एका महिन्याला पानच पुरत नाही, शेवटच्या ओळी समासात आडव्या लिहिल्यात. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात पहिल्या ओळीत "ताप", त्याच्याखाली "ताप", त्याच्याखाली "ताप", आणि मग लिहिणारा कंटाळला असणार कारण खाली नुसत्या "सदर"च्या खुणा. मध्येच अक्षर बदलतं. आधीचं अक्षर सुबक, वळणदार, नंतरचं बोरू दाबून लिहिल्यासारखं जाड. पहिला लिहिणारा आजारी पडला की मेला की नुसता बदली झाला, ते बुकात नाही. मी पुढची पानं उलटून त्याचं अक्षर परत येतं का ते बघत बसले, जे शोधायला गेले होते ते सोडून. पुढच्या वर्षी परत आलं. बरं वाटलं, काही संबंध नसताना.

भाऊ सापडला, तेव्हा २२ वर्षांचा. त्याच्यानंतर तीन ओळींनी एक बाई, नाव नाही, नुसतं "अमक्याची बायको", वय १७. म्हणजे त्याचीच बायको. हे घरात कुणाला माहीतच नव्हतं, की त्याचं लग्न झालं होतं. कुणी लपवलं असं नाही, सांगणारं कुणी उरलं नाही एवढंच.

कोतवाल बुकाचा मोठा घोळ म्हणजे जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुतेकदा नसतं. बारसं नंतर, नोंद आधी. "मुलगा" किंवा "मुलगी" आणि बापाचं नाव, संपलं. मग चार मुलांपैकी हा कुठला, ते शाळेच्या जनरल रजिस्टरवरून जुळवायचं, आणि तिथे बघावं तर निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा. गुरुजींनी शाळेत घालताना लावलेली तारीख. माझ्या आजोबांची शाळेतली तारीख १ जून आणि कोतवाल बुकात त्या बापाला मुलगा झालाय तो थंडीत. तर शाळेच्या तारखेवर विसंबून कुंडल्या मांडलेल्या मंडळींनी जरा विचार करावा.

जमिनीच्या कागदांत मात्र जीव आहे. लोक सातबारा बघतात आणि थांबतात, सातबारा म्हणजे आजचं चित्र, गोष्ट असते ती फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यानंतर गावोगाव ही रजिस्टरं सुरू झाली, आणि प्रत्येक बदलाला एक नंबर आणि एक परिच्छेद. कोण मेला, वारस कोण, वाटणी कशी, कुणाकडून किती रुपयांना गहाण, कुणी हरकत घेतली, पंचांसमोर कोण काय म्हणाला. सातबाऱ्यावर गोल करून जे नंबर लिहिलेले असतात ना, ते फेरफाराचे नंबर, ते एकेक उलटे काढत गेलं की आपण आपोआप मागे मागे जातो. वारसांसाठी वेगळी नोंदवही असते, ६-क. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने कागद "आपले अभिलेख" या सरकारी साइटवर स्कॅन करून टाकलेत, पण तिथे गाव आणि साल निवडून पानं चाळायची असतात, नाव टाकून सर्च होईल अशी आशा ठेवू नका.

सुरुवातीला ती भाषा डोक्यावरून जाते. "अमुक बिन तमुक" किंवा "वलद तमुक" म्हणजे तमुकचा मुलगा. "कोम" किंवा "भ्र." म्हणजे बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव येणार. "अ.पा.क." दिसलं की वारस अज्ञान, त्याच्या वतीनं पालनकर्ता, म्हणजे बाप लवकर गेलाय. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे नाव एकाचं असलं तरी जमीन सगळ्या भावांची. हे शेवटचं विसरलात तर पाच भावांचं घर एकट्या माणसाचं वाटतं आणि चार भाऊ वंशावळीतून गायब. आडनाव तर कित्येक ठिकाणी नसतंच, नुसतं नाव, बापाचं नाव आणि "पाटील" नाहीतर "सुतार" नाहीतर "परीट", आणि आज जे आडनाव आपण लावतो ते शाळेत घालताना पडलेलं असतं. दत्तक हा तर फारच मोठा सापळा. माणूस एका बापाच्या पोटी जन्मतो आणि दुसऱ्याच्या नावानं मरतो, आणि तुम्ही तिसऱ्याचाच वंश लिहीत बसता.

बायका कागदावर कधी दिसायला लागतात ते कायद्याच्या सालांवरून कळतं. १९३७ च्या कायद्यानं विधवेला नवऱ्याच्या वाट्यात मर्यादित का होईना हक्क दिला, त्याच्यानंतरच्या फेरफारांत विधवांची नावं दिसू लागतात. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आला आणि मुली वारसांत आल्या, आणि लगेच दोन-तीन नंबर पुढे तो दुसरा फेरफार येतो, "बहिणींनी राजीखुशीने हक्क सोडला". ती राजीखुशी किती राजी आणि किती खुशी ते ज्या त्या घराला माहीत. महाराष्ट्रात १९९४ ला मुलींना जन्मतः वाटा मिळाला, त्याच्यानंतरची हक्कसोडपत्रं आणखी वाढली असतील असा माझा संशय आहे, पण तो वेगळा विषय. आपल्या कामाचं एवढंच की हक्क सोडण्यासाठी आधी नाव लिहावं लागतं. बहिणीचं नाव, तिच्या नवऱ्याचं नाव, तिचं सासरचं गाव. आमच्या दोन आत्येआज्ज्या मला अशाच सापडल्या, सही नाही, अंगठे.

आणि पणजी? आत्येचं "भाऊ नव्हता" तिथे कामाला आलं. भाऊ नसेल तर बापाची जमीन कुणाला तरी गेली असणार. नदीपलीकडच्या त्या गावाचे फेरफार चाळायला घेतले, पणजोबांचं नाव कुठे "कोम"च्या पुढे येतंय का बघत, कारण पणजीचं नाव माहीत नसलं तरी नवऱ्याचं माहीत होतं. आणि सापडलं. बाप मयत, विधवा आधीच मयत, मुलगा नाही, मुलगी अमुक कोम आमचे पणजोबा, आणि खाली चुलत्यांची हरकत, की मुलीचं लग्न होऊन ती परगावी नांदते, जमीन आम्ही वाहतो, नाव आमचं लागावं. ती हरकत फेटाळलेली आहे. म्हणजे बय, जिच्याबद्दल घरात एवढंच माहीत होतं की ती फार कमी बोलायची, ती चुलत्यांविरुद्ध नदी ओलांडून चावडीवर गेली होती आणि जिंकून आली होती. चुलत्यांनी भांडण केलं नसतं तर नोंद एका ओळीत संपली असती आणि मला एवढं काही कळलं नसतं. नाव सांगितल्यावर आत्येनं चार वेळा मोठ्यानं म्हणून बघितलं आणि म्हणाली, "शोभत नाही तिला." काकांनी मात्र लगेच सर्टिफाइड कॉपी मागवली आणि वकिलाला दिली.

आता मोडीबद्दल, कारण सगळे घाबरतात ते तिथेच. मोडी शिकायला वाटते तेवढी अवघड नाही, अक्षरओळख लवकर होते, अवघड आहे ते वाचणं, कारण शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्वदीर्घ पाळत नाहीत, आधी आडवी रेघ मारून घ्यायची आणि मग खाली अक्षरं लटकवत जायचं, आणि प्रत्येक कारकुनाचा हात निराळा. पण महसुली कागदांत वाक्यं ठरलेली असतात त्यामुळे तीस-चाळीस शब्द डोळ्यांत बसले की पान उलगडायला लागतं. विसाव्या शतकातही सरकारी कामात मोडी बराच काळ चालू होती, तेव्हा "आम्हाला पेशवाईत जायचंच नाही" म्हणून सुटका होत नाही, आजोबांच्या बापाचा फेरफारसुद्धा मोडीत असू शकतो.

पेशवाईत जायचं असेल तर पुण्याचं अभिलेखागार, म्हणजे पेशवे दफ्तर. कापडी रुमालांत बांधलेले हजारो गठ्ठे, कोट्यवधी कागद. गो. स. सरदेसाईंनी १९३० च्या दशकात त्यातून निवडून ४५ खंड छापले, ते देवनागरीत आहेत, आधी तेच बघा, पण ती निवड राजकारण आणि मोहिमांची, आपल्या खापरपणजोबांची नव्हे. कालगणना हा वेगळा प्रकार. तारीख असते "इहिदे अशर मयातैन व अलफ" अशी, म्हणजे एक, दहा, दोनशे आणि हजार, १२११, हा शुहूर सन, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे की १८१०-११. दोन आकडे का, तर ते वर्ष मृगाला सुरू होतं म्हणून. फसली सनात, म्हणजे महसुली वर्षात, ५९० किंवा ५९१, शकात ७८ किंवा ७९.

खरं सांगायचं तर साधा रयत पेशवे दफ्तरात नावानिशी मिळणं कठीण आहे, तिथे गाव मिळतं, गावाचा सारा मिळतो. घराणं मिळतं ते वतन नाहीतर इनाम असेल तर, आणि इथे पुन्हा माझा तोच मुद्दा, ते सुद्धा वाद झाला असेल तर. वतनाच्या भांडणात दोन्ही बाजू आपापला "करीना" लिहून द्यायच्या, म्हणजे आमचा मूळपुरुष कोण, तो कुठून आला, कुणाला किती मुलगे, वतन कसं मिळालं, दुष्काळात कोण परागंदा झाला, भाऊबंदांनी कसं बळकावलं, सगळी कुळकथा. अर्थात प्रत्येकानं आपल्या सोयीची. समोरच्याचाही करीना मिळाला तर दोन्ही शेजारी ठेवून वाचा, करमणूक आहे. इंग्रजांनी इनाम कमिशन आणलं, १८५२ चा त्याचा कायदा, आणि इनामदारांना कैफियती द्यायला लावल्या, जमीन कशी मिळाली ते वंशासकट सिद्ध करा म्हणून. लोकांच्या जमिनी गेल्या, शिव्याशाप झाले, आणि त्या त्रासातून आपल्याला वंशावळी मिळाल्या. हे फक्त पाटील-कुलकर्ण्यांचं असं समजू नका. १८७४ च्या वतन कायद्याखाली जी रजिस्टरं झाली त्यांत महार वतनदारांचीही नावं आहेत, आणि ही कनिष्ठ वतनं १९५० च्या दशकाच्या शेवटी खालसा होईपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या वारस लागत गेलेत. ज्यांना "तुमचा कुठला आलाय इतिहास" म्हणून ऐकवलं गेलं त्यांची घराणी कागदावर कित्येक इनामदारांपेक्षा सलग सापडतात. उलट ज्याच्याकडे ना जमीन ना वतन, आज या गावात उद्या त्या, त्याचं अवघड आहे, आणि ते माझ्याकडे सुटलेलं नाही.

मुंबईचं पुराभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, १८२१ पासूनचं ऑफिस, तिथे कंपनी सरकारचे आणि इलाख्याचे इंग्रजी कागद. घरातला कुणी सरकारी नोकरीत असेल तर तिथे आणि सरकारी गॅझेटमध्ये बघा, नेमणुका, बदल्या, रजा सगळं छापून यायचं. पदवीधर असेल तर मुंबई विद्यापीठाची जुनी कॅलेंडरं, त्यात पदवीधरांच्या याद्या असायच्या. पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात पलटणीत गेलेला आणि परत न आलेला कुणी असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर नावानं शोधता येतं, कधीकधी बापाचं नाव, गाव आणि तालुका दिलेला असतो, फक्त इंग्रजी स्पेलिंग इतकं विचित्र की आडनावापेक्षा पलटण आणि तालुक्यावरून शोधलेलं बरं. आणि कोकणातला कुणी जहाजावर चढून मॉरिशसला गेला असेल तर तिथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांची, म्हणजे करारावर गेलेल्या मजुरांची, रजिस्टरं आहेत, काहींचे फोटोसुद्धा. आपल्या गावच्या कोतवाल बुकात जो माणूस धड नावानिशी नाही, त्याचा चेहरा समुद्रापार ठेवलेला असू शकतो.

वर्तमानपत्रांकडे मी उशिरा वळले कारण मला वाटायचं आपल्यासारख्यांचं काय येणार पेपरात. दर्पण १८३२ चं, ज्ञानप्रकाश १८४९, इंदुप्रकाश १८६२, दीनबंधु १८७७, केसरी १८८१, ही नावं शाळेत पाठ केलेली, आणि डोक्यात असं की त्यांत अग्रलेख असतात आणि मोठी माणसं. अग्रलेख सोडा. आपली माणसं असतात शेवटच्या पानांवर. जाहीर नोटिसा, लिलाव, हरवलेल्या दस्तऐवजांच्या जाहिराती, दुष्काळ फंडाला कुणी किती दिले त्याच्या याद्या, परीक्षांचे निकाल, आणि जिल्ह्याच्या बातमीदारांची पत्रं ज्यांत अमक्या गावी पाऊस नाही, तमक्या गावी दरोडा पडला, शाळामास्तर कसे येत नाहीत, असं सगळं. आणि वर्तमानपत्रं बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, छापलेली, म्हणजे मोडी न येणाऱ्याला उलट हा रस्ता सोपा.

सर्चची सवय मात्र सोडायची. इंग्रजी जुने पेपर नाव टाकून शोधता येतात, टाइम्सचे तर १८३८ पासूनचे, मोठ्या लायब्रऱ्यांतून बघायला मिळतात. मराठीचं तसं नाही, जुने खिळे, अनुस्वारांची जुनी पद्धत, मायक्रोफिल्मवरचे ओरखडे, त्यामुळे स्कॅन असलं तरी कॉम्प्युटरला वाचता येत नाही. मग उलटं करायचं. नाव नाही, तारीख शोधायची. फेरफारातून वाटणीचं साल घ्या, कोतवाल बुकातून मृत्यूचा महिना घ्या, आणि त्याच्या आजूबाजूचे अंक पानन्‌पान बघा. केसरी सुरुवातीला साप्ताहिक होता, मंगळवारी निघायचा, म्हणजे वर्षाला पन्नासेक अंक, हे एका माणसाला झेपतं. ज्ञानप्रकाश १९०४ पासून दैनिक, तिथे महिना माहीत नसेल तर हात घालू नका. पुणे नगर वाचन मंदिर, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय अशा जुन्या संस्थांतून फायली असतात, पण माझा अनुभव असा की खरं घबाड जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या छोट्या साप्ताहिकांत. मोठ्या पत्रात आपल्या गावावर दोन ओळी, तर तालुक्याच्या साप्ताहिकात अर्धा रकाना, आणि त्यात माणसांची नावं.

मला पणजोबांचे सर्वांत धाकटे भाऊ तिथे भेटले. घरातली गोष्ट अशी की ते "मुंबईला नोकरीला गेले आणि पुढे तिकडेच स्थायिक झाले", आणि हे सांगताना प्रत्येकजण विषय बदलायचा. वाटणीचं साल फेरफारात होतं, त्या वर्षीच्या एका साप्ताहिकाची फाइल घेतली, आणि पावसाळ्यातल्या एका अंकात, केसांच्या तेलाच्या आणि धातुपुष्टीच्या गोळ्यांच्या जाहिरातींच्या मध्ये, जाहीर नोटीस. तमाम लोकांस कळविण्यात येते की आमचे कनिष्ठ बंधू हे आम्हापासून विभक्त झाले असून त्यांचे वर्तन ठीक नसल्याने त्यांच्याशी कोणी देवघेवीचा व्यवहार केल्यास त्यास आम्ही अगर आमची मिळकत जबाबदार राहणार नाही. खाली पणजोबांचं पूर्ण नाव, गाव, तालुका. म्हणजे नोकरी वगैरे ठीक आहे पण आधी कर्ज झालं होतं, आणि घरानं पेपरात देऊन हात झटकले होते. "वर्तन ठीक नसल्याने" हे वाचून मला त्यांच्याबद्दल एकदम जिव्हाळा वाटायला लागला. पुढच्याच महिन्यात त्यांचं प्रत्युत्तर आहे! की सदर नोटीस खोडसाळ असून एकत्र मिळकतीची वाटणी अद्याप सरसनिरस झालेली नाही, सबब कोणी खरेदी-गहाण घेऊ नये. दोघे भाऊ एका घरात राहून एकमेकांशी पेपरातून बोलत होते.

हे घरी दाखवायचं की नाही यावर मी बराच विचार केला. दाखवलं. एका काकूला खूप आवडलं, एका काकांनी "कशाला उकरायचं" म्हटलं. माझं म्हणणं असं की शंभर वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः पैसे भरून सगळ्या तालुक्याला सांगितलेली गोष्ट आपण दडपून काय मिळवणार. पण जिवंत माणसांचं वेगळं. मी १९५० च्या पुढचं काही सापडलं तर ज्याचं आहे त्याला आधी दाखवते, आणि तो नको म्हणाला तर वहीतच राहतं.

तीर्थोपाध्यायांच्या वह्यांबद्दल विचारलं जातं म्हणून, नाशिक-त्र्यंबकेश्वरला गाव आणि आडनाव सांगितलं की तुमच्या घराण्याचे उपाध्याय कोण ते कळतं आणि नामावळीची वही निघते, पूर्वी आलेल्यांनी स्वतः लिहून सह्या केलेल्या. कागदी दप्तरात जे शांत जगले म्हणून हरवलेत ते इथे सापडतात, भांडण न करता. पण कोण आलं होतं त्यावर सगळं अवलंबून, जो गेलाच नाही त्याची फांदी नाही. छापील कुलवृत्तांत असेल तर जरूर घ्या, मात्र त्यातला मूळपुरुषाचा भाग बेतानं वाचा, प्रत्येकाचा मूळपुरुष तेजस्वीच असतो.

सध्या मी त्या धाकट्या भावामागे आहे. मुंबईत गेल्यावर आडनाव बदललं असेल असा एक अंदाज आहे, पुढच्या काळात नाव बदललं की सरकारी गॅझेटमध्ये छापून यायचं, तर ते भाग बघायला घेतलेत. दुसरं म्हणजे त्या साप्ताहिकाची त्या सालानंतरची फाइल कुठे मिळत नाहीये. ज्या वाचनालयात पहिली मिळाली तिथे पुढची होती म्हणे, जागा करायची म्हणून रद्दीत गेली. तुमच्या तालुक्याच्या वाचनालयात अशा बांधीव फायली असतील तर एकदा जाऊन बघा आणि परवानगी घेऊन फोटो काढा, आणि काढताना आधी अंकाचं पहिलं पान घ्या जिथे पत्राचं नाव, तारीख आणि शक छापलेला असतो, मग आतलं पूर्ण पान, मग जवळून मजकूर. नुसत्या कात्रणाचा फोटो असला की तो कुठल्या सालचा यावरच परत भांडण.